तिकडचीने तर परवानगी दिलीय

१९ ऑगस्ट
खारू गेली. विमानतळावर रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही. परत येताना पार्किंगवाल्याने सुट्टे मागितले तेव्हा मात्र धो धो रडले. तो घाबरून म्हणाला, "राहू द्या बाई, राहू द्या." हे गाडीत खाली बघत बसले होते.

खारू म्हणजे आमची एकुलती एक, सोळा वर्षांची. पुढचे दोन दात जरा मोठे म्हणून लहानपणापासून खारू. नणंदबाई शिक्षिका, त्यांच्या शाळेची ही योजना: आपली मुलगी वर्षभर परदेशातल्या एका घरी राहून तिथल्या शाळेत शिकणार आणि त्या घरची मुलगी आपल्याकडे येणार. "बाहेर राहिली की मुलं मोठी होतात, वहिनी," म्हणाल्या. मोठी तर ती इथेही होतच होती, दर वर्षी युनिफॉर्म नवा घ्यावा लागतो. पण माझं ऐकतंय कोण?

एक सोय मात्र आहे. पहिल्या सत्रानंतर मुलीला परत आणायचं असेल तर दहा जानेवारीच्या आत शाळेला कळवायचं. मुलींची जोडी असते, त्यामुळे एक परत निघाली की दुसरीलाही निघावं लागतं. मी जानेवारीत खारूला परत आणणार आहे. हे फक्त इथे लिहितेय. ह्यांना सांगितलं तर "बघू" म्हणतील. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं सगळंच "बघू" असतं.

२२ ऑगस्ट
पाहुणी आली. ताडमाड उंच. वाकून दारातून आत आली आणि हसली, तेव्हा मी आधी दातच पाहिले. माझा इलाज नाही, घराच्या पुढच्या खोलीत माझी डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मी कवळ्या आणि कॅपा बनवते. पाहुणीचे दात सुरेख आहेत, पण सुळ्यांची टोकं घासलेली. ही मुलगी झोपेत करकरा दात खाते. वरून हसरी, आत काहीतरी कुरतडतंय.

दोन वर्षं शिकून आपली भाषा बरी बोलते. खारूही त्यांची शिकून गेलीय. प्रश्न आहे तो माझा आणि तिच्या आईचा. आम्हा दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही.

२६ ऑगस्ट
रविवारचा पहिला व्हिडिओ कॉल. इकडे मी आणि पाहुणी, तिकडे खारू आणि तिकडची. (त्या बाईंचं नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून तिकडची.) जुन्या खुर्च्या, टेबलं दुरुस्त करण्याचं तिचं दुकान आहे. दंड माझ्या मांडीएवढे.

मी तिला सविस्तर सांगितलं की खारूला थंडी बाधते, गर्दीत ती बावरते, रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं विसरते, दुकानात सुट्टे परत मागायचा तिला संकोच वाटतो. पाहुणीने हे सगळं तिच्या भाषेत दोन शब्दांत गुंडाळलं. तिकडची खदाखदा हसली आणि अंगठा दाखवला. यात हसण्यासारखं काय होतं?

नणंदबाई म्हणतात, फोनमध्ये भाषांतराची सोय असते. तीही वापरून पाहिली. माझं एक वाक्य ऐकून तिकडची ताडकन उठून आत गेली ती पाच मिनिटं आलीच नाही. त्या सोयीच्या नावाने कानाला खडा. आमच्या मुलीच बऱ्या.

९ सप्टेंबर
पाहुणीला शहरात एकटीने बसने जायचंय. मी म्हटलं, अजिबात नाही.

"तिकडे खारू जाते," पाहुणी म्हणाली. "माझ्या आईने परवानगी दिलीय."

 खारू? एकटी? बसने? इथे मी तिला कोपऱ्यावरच्या दुकानातही खिडकीतून नजर ठेवून पाठवायचे. लगेच फोन लावणार होते, पण मग विचार केला, ती बाई म्हणेल इकडची भित्री आहे. माझ्या मुलीला ती मोकळीक देते आणि मी तिच्या मुलीला घरात कोंडते, असं दिसायला नको. म्हटलं, "जा. सहाच्या आत ये."

सहाला पाच मिनिटं कमी असताना आली. मी दीड तास खिडकीत उभी होते, हे तिला कळू दिलं नाही.

१६ सप्टेंबर
आज कॉलवर खारूने अगदी आनंदाने सांगितलं की ती आता एकटी बसने फिरते. "आता" म्हणजे? पाहुणी तर गेल्या आठवड्यातच म्हणाली होती. विचारलं तर कॉल तुटला. तिकडचं नेट अगदीच रद्दी दिसतंय.

३० सप्टेंबर
शाळेत नाटक बसतंय. तालमी रात्री नऊपर्यंत. पाहुणीला त्यात जायचंय. तिकडेही नाटक आहे आणि खारूही नऊला घरी येते म्हणे. तिकडचीने तर परवानगी दिलीय.

ही बाई आहे तरी कोण? स्वतःची मुलगी इतक्या दूर पाठवते आणि माझीला वाऱ्यावर सोडते! मी हार मानणारी नाही. पाहुणीला म्हटलं, "नऊ कशाला, सव्वानऊला आलीस तरी चालेल." ह्यांनी भुवई वर केली आणि परत वर्तमानपत्रात डोकं घातलं.

७ ऑक्टोबर
खारू आज हसली नाही.

सगळा वेळ तोंडासमोर चहाचा मग. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? "छान आहे गं," मगामागून आवाज. मी विनोद केला, ह्यांनी केला, पाहुणी तर खो खो हसली. खारू नुसते डोळे बारीक करून ओठ मिटून बसली. लहानपणी ही मुलगी दात विचकल्याशिवाय एक फोटो काढू द्यायची नाही. हिला तिथे करमत नाहीये. आईला सांगावं लागत नाही असलं.

१४ ऑक्टोबर
आज गळ्यातला मफलर नाकापर्यंत. "थंडी," म्हणाली. मागे तिकडची बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये टेबल तासत होती.

दहा जानेवारी फार लांब आहे.

१७ ऑक्टोबर
पाहुणीला लॅबमध्ये काम शिकायचंय. खारूला मी कधी बर्नरपाशी फिरकू दिलं नाही. मेण वितळवायची ज्योत, घासायची मशीन, प्लास्टरची धूळ, तिथे काय करायचंय मुलींना?

"तिकडे खारू करवत चालवते."

"काय?"

"माझ्या आईने परवानगी दिलीय."

मी मशीन बंद करून खुर्चीत बसले. मग उठले, पाहुणीला एक ॲप्रन दिला आणि बर्नर कसा पेटवायचा ते दाखवलं. करवत तर करवत. हात मात्र चांगला निघाला पोरीचा. मेणाची पहिली दाढ बटाट्यासारखी झाली, दुसरी दाढेसारखी.

२५ ऑक्टोबर
पाहुणीला दाढांचा कंटाळा आलाय. पुढचा दात शिकायचाय, तोही वरचा, तोही डावा. मी म्हटलं, सगळे म्हणतात पुढचा दात सोपा, पण तोच अवघड, तो लोकांना दिसतो. "म्हणूनच," म्हणाली.

सरावाला कुणाच्या तरी दातांचा प्लास्टरचा साचा घे म्हटलं, तर फळीवरच्या एवढ्या साच्यांतून तिने नेमका खारूचा उचलला. दोन वर्षांपूर्वी दातांना तारा लावल्या होत्या ना, त्या वेळचा. गोड वाटलं मला. तिची आठवण काढते बिचारी.

२८ ऑक्टोबर
तो साचा तिने तासला! खारूचा डावा पुढचा दात अर्धा, तिरका उडवून टाकला. मी ओरडलेच. पाहुणी शांतपणे म्हणाली, "तुटलेल्या दातावर कॅप बसवायचा सराव करायचाय." बरोबर आहे म्हणा, गिऱ्हाईक काही अखंड दात घेऊन येत नाही. पण जीव हळहळला.

तासताना ती सारखी फोनमधल्या कसल्याशा फोटोकडे बघत होती. हल्लीच्या मुलांना एक मिनिट फोन सोडवत नाही.

११ नोव्हेंबर
कॉलवर खारूने सगळा वेळ सर्दी झाल्यासारखा रुमाल धरला होता. बोलताना "स" जरा विचित्र येत होता. परदेशी भाषेने हिची जीभच बिघडवली की काय?

पाहुणीने विचारलं, "सोळा वर्षांच्या मुलीच्या दाताची शेड कोणती असते?"

"कुणाच्या दाताची?"

"कुणाच्याही."

शिकण्याची काय ही हौस! खारूला मी दातांच्या रंगछटांची पट्टी दाखवली असती तर जांभई दिली असती. पण दाखवली कधी, हाही प्रश्नच आहे.

२ डिसेंबर
पाहुणीच्या कॅपा तीन वाया गेल्या. एक जाड, एक पिवळी, एक हातातच तडकली. चौथी घेऊन बसली तेव्हा डोळ्यांत पाणी. एवढ्यासाठी? म्हटलं, आण इकडे. कडा पातळ केली, टोकाला जराशी झाक आणली, घोटून घोटून पॉलिश केली. खारूच्या त्या दाताला खाली एक बारीक पांढरा ठिपका आहे, लहानपणी ताप आला होता त्याची खूण. साचा तिचाच, म्हणून सवयीने तो ठिपकाही घातला. साच्यावर बसवली तर अगदी तिचाच दात. पाहुणीने मला मिठी मारली, माझा चष्मा प्लास्टरच्या बादलीत पडला.

कॅप ती आईला दाखवायला पाठवणार आहे म्हणे, आपण काय शिकलो ते. पार्सल घेऊन हे स्वतः पोस्टात गेले. विजेचं बिल भरायला सांगितलं तर आठवडा लावणारा हा माणूस!

एक गंमत. पाहुणीच्या खोलीतून रात्रीची ती करकर हल्ली ऐकू येत नाही.

२३ डिसेंबर
खारू तिकिटाचं काहीच विचारत नाही आणि मीही बोलत नाही. पण मन घट्ट केलंय. पाच तारखेला शाळेला कळवणार. मुलगी सुकलीय. हसत नाही, तोंड दाखवत नाही. वाढ वगैरे पुरे झाली.

पाहुणीलाही जावं लागेल. काल तिने जेवताना सहज म्हटलं, "जूनपर्यंत मी पूर्ण कवळी शिकेन." मी तिला आणखी एक पोळी वाढली.

३० डिसेंबर
आज खारूने कॉल बुडवला. "नाटकाची तालीम" असा निरोप. सुट्टीत कसली तालीम? डॉक्टरकडे वगैरे तर गेली नसेल? छे. काहीही मनात येतं.

४ जानेवारी
आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी तिकडचीचा फोन आला. वार शुक्रवार, पाहुणी बाहेर, तिकडे खारूही दिसेना. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मग तिने एक करवत उचलली, भिंतीवरच्या खारूच्या फोटोकडे बोट केलं, मग माझ्याकडे बोट करून मान डोलावली. म्हणजे, हिला करवत चालवायची परवानगी तुम्ही दिलीत, चांगलं केलंत.

मी? मी जोरजोरात मान हलवली. बर्नर आणला, पाहुणीचा फोटो धरला आणि तिच्याकडे बोट केलं. तुम्ही दिलीत!

तिचे डोळे गोल झाले. तिनेही मान हलवली. मी टेबलावर दोन बोटं चालवली आणि बसचं चाक फिरवलं. तू? नाही, तू! तिने घड्याळावर नऊ दाखवले. तू? छे, तूच! एकेक करत सगळ्या परवानग्या निघाल्या आणि त्यातली एकही आम्ही दोघींनी आधी दिलेली नव्हती. दोन कार्ट्यांनी इकडून तिकडून एकच थाप मारली होती आणि आम्ही दोन शहाण्या बायका एकमेकींना हरवायच्या नादात ती खरी करत सुटलो होतो. चार महिने! तिकडची हसायला लागली, मग मीही. दोघींनी डोळे पुसले.

मग तिला काहीतरी आठवलं. तिने एक लहान खुर्ची उलटी डोक्यावर घेतली, जिना उतरायचा अभिनय केला, पाय घसरला, खुर्चीचा पाय तोंडावर. एक काडी घेतली, मोडली. स्वतःच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं. डाव्या. आणि मग दोन्ही हात जोडून माझ्याकडे बघत बोटांचं चुंबन घेतलं. काय सुंदर दात बनवून पाठवलात!

माझी दातखीळ बसली. अक्षरशः.

ती बाई समजत होती की मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खारूने तिला सांगितलं असणार, आई दातच बनवते, ती पाठवेल. दोन महिने ती माझी वाट बघत होती आणि बहुतेक मनात म्हणतही असणार, ही आई आहे की कोण, एका दाताला इतके दिवस लावते!

फोन ठेवायच्या आधी आम्ही दोघींनी एक गोष्ट ठरवली, तीही हातवाऱ्यांनीच. संध्याकाळी पाहुणी आली तेव्हा मी अगदी कौतुकाने म्हटलं, "अगं, तिकडे खारू रोज सगळ्यांची भांडी घासते म्हणे. आईला तिचा फार अभिमान आहे." पाहुणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे खरं की खोटं, विचारणार कुणाला? मुकाट्याने बाह्या वर करून सिंकपाशी उभी राहिली. तिकडेही त्याच वेळी खारू घासत असेल, तिकडचीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

रात्री ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"ऑक्टोबरात."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"लिफ्ट अडकलीय आणि आतला माणूस शांतपणे स्वतःच दार उघडतोय," हे म्हणाले, "मग बाहेरून कशाला ठोकायचं?"

त्यांच्यावर इतकी चिडले की उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. तिथे झोप येईना. खारूच्या तोंडातून रक्त आलं असेल. परक्या डॉक्टरच्या खुर्चीत ती एकटी बसली असेल, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलली असेल. सुट्टे मागायला लाजणारी माझी मुलगी. आणि हे सगळं मी परत नेऊ नये म्हणून.

६ जानेवारी
रविवार. मी पाहुणीला बाहेर पाठवलं आणि एकटीच कॉलवर बसले. खारूने सवयीने चहाचा मग तोंडासमोर नेला.

"मग खाली ठेव," मी म्हटलं. "आणि हस."

तिने तो खाली ठेवला. मग हळूच हसली. ठिपका जरा जास्तच पांढरा झालाय माझ्याकडून, पण बाकी बसलाय झकास. गेल्या रविवारी तालमीच्या नावाखाली तिथल्या डॉक्टरने पक्का बसवून दिला.

"दुखलं का गं खूप?"

"खूप."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू लगेच आली असतीस."

"आलेच असते. मग?"

"मग मी तुझ्याबरोबर परत आले असते," खारू म्हणाली. "तुला ओढावंही लागलं नसतं. तू नुसती दारात दिसली असतीस ना, तरी मी बॅग भरली असती."

मला वाटलं होतं ती म्हणेल, तू जबरदस्ती केली असतीस. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. 

"जानेवारीत परत नेणार आहेस ना?" ती म्हणाली. "पाहुणीने तुझ्या टेबलावर शाळेचं पत्र बघितलं होतं, सप्टेंबरात, दहा जानेवारीखाली तू रेघ मारलेलं. म्हणूनच सगळं. म्हणजे बसचं नव्हे, बसने आम्हाला खरंच जायचं होतं."

कबुली देतानाही हिचा हिशेब चोख!

काल पाच तारीख होती. शाळेला कळवायला फोन हातात घेतला होता आणि खाली ठेवला होता. का ठेवला ते कळलं नव्हतं. आता कळलं.

"राहा तू," मी म्हटलं. "जूनपर्यंत राहा. पाहुणीही राहू दे, तिची कवळी अर्धी राहिलीय."

"नक्की?"

"नक्की."

"काही झालं तरी परत नेणार नाहीस? मी काहीही सांगितलं तरी?"

"नाही नेणार."

 तिचा ओठ थरथरायला लागला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग आता रडू का?"

तोपर्यंत मला समजलंच नव्हतं. रडली असती तर मी तिकीट काढलं असतं. तिला ते माहीत होतं, म्हणून दात तुटला तरी रडली नाही, एकटी पडली तरी नाही, पाच महिने माझ्यासमोर एकदाही नाही. मी तिला मोकळेपणाने रडायची सोयच ठेवली नव्हती.

"रड," मी म्हटलं.

आणि काय रडली! नाकातून, तोंडातून, हुंदके देऊन. पहिल्या महिन्यात शाळेत डबा खायला कुणी शेजारी बसायचं नाही. भाषा कळायची नाही, सगळे हसले की तीही हसायची, कशाला ते माहीत नसताना. तिच्या खोलीची आठवण यायची, लॅबमधल्या मेणाच्या वासाची, माझीसुद्धा. तिकडची आत आली, घाबरून कॅमेऱ्यात बघितलं, हाताने विचारलं, काय करू? मी हातानेच सांगितलं, काही नको, बस. ती तिच्या शेजारी पाठीवर हात ठेवून बसली. मला जळायला हवं होतं. जळले नाही. बरं वाटलं की त्या हाताला करवतीचे घट्टे आहेत, असा हात पाठीवर असला की पाठ टिकते.

माझ्या तोंडात शंभर वाक्यं आली होती. ये, येतेस का, उद्याचं विमान बघते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

एवढ्यात हे कामावरून आले. तिचा आवाज ऐकून हातातली हत्यारांची पेटी तशीच घेऊन धावत खोलीत आले. शांत माणूस, पण चेहरा पांढराफटक.

"काय झालं? का रडतेय ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "छान चाललंय तिचं."